साठ थर आणि तीन वेळची गोळी

आमची आत्या चोवीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. म्हणजे ती शिवत नाही, कापते. शिवणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत असं की त्यांची चूक उसवता येते. "माझी उसवता येते का? एकावर एक साठ थर. वर बोटभर चुकलं की खाली साठ शर्टांच्या बाह्या गेल्या. मग घाला बिनबाह्यांचे." हे ती कुणालाही ऐकवते. गॅसचं सिलिंडर पोचवणाऱ्या माणसालाही ऐकवून झालंय, तो सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा असताना.

कटिंगचं टेबल चौदा पावलं लांब आहे. त्यावर कापड अंथरायचं, पुन्हा उलटं आणून त्यावर अंथरायचं, असे थर चढवायचे. सगळ्यात वर कागदाचा खाका. मग उभ्या पात्याचं मशीन उजव्या हातानं त्या थरांतून ढकलत न्यायचं, आणि डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालून कापड दाबून धरायचं. हे बसून होत नाही. हात पोचत नाही, आणि पोचला तरी जोर कमरेतून यावा लागतो. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली आहे. "पातं आत घातलं की थांबायचं नाही. थांबलास की कापड कुरतडतं. कापायचं तर एका दमात, नाहीतर हात लावू नकोस."

तीन वर्षांपूर्वी तिच्या हातून खडू पडायला लागला. मग ब्लाऊजची बटणं लागेनात. पुढं पाय जड झाले आणि एक दिवस जिन्यावर तिला कळेना की पायरी संपली की अजून आहे. मानेतला मणका सरकून मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन झालं. हात परत आले, अगदी पहिल्यासारखे. पायही आले, पण लाकडाचे होऊन आले. "गुडघा वाकवायचा तर आधी अर्ज करावा लागतो," असं ती म्हणायची. चालताना पाय उचलले जायचे नाहीत, फरशीवरून घासत यायचे. पण ती टेबलापाशी उभी राहायची. चार महिन्यांनी कामावर गेली आणि पहिल्यासारखी कापायला लागली.

त्रास झोपेत होता. अंथरुणावर पडली की पाय आपोआप पोटाशी यायचे, नाहीतर एकदम झटक्यानं सरळ व्हायचे. आई तिच्याच खोलीत झोपायची. सकाळी आईची तक्रार ठरलेली. "ताई, काल तीन लाथा."

"मला काय माहीत? मी झोपले होते."

"तुम्ही कुठं झोपला होता? झोपायचा प्रयत्न मी करत होते."

शेवटी डॉक्टर. आत्याच्या या डॉक्टरांची एक पद्धत आहे. ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "झोप लागते का? नाही लागत. पाय आखडतात? आखडतात. रात्री जास्त? जास्त. गोळी सुरू करू या का? करू या."

"मग मी कशाला आले?" आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर एक पाय काढला. तो पाय कमी आणि मुळा जास्त वाटत होता. "बिघाड स्नायूत आहे का? नाही. स्नायू चांगला आहे. तो जरा ताणला गेला की मज्जारज्जूला कळवतो, आणि मज्जारज्जू लगेच उलटा हुकूम सोडतो, आखड. हे सगळ्यांचंच होतं. पण एरवी वरून मेंदू सारखं सांगत असतो, पुरे, एवढं नको. तुमच्या मानेत ती वाट खराब झाली आहे. 'पुरे' खाली पोचतच नाही. म्हणून खालचा कारभार मोकाट सुटलाय."

"आणि गोळी काय करणार? पाय चोळणार?"

"गोळी पायाला हातसुद्धा लावत नाही. ती मज्जारज्जूत काम करते. तिथं शरीराचंच एक रसायन असतं, उगाच धावणारे निरोप दाबून धरणारं. गोळी त्याची नक्कल करते. मज्जारज्जूला वाटतं, आलं वरून 'पुरे'."

आत्याला हे एकदम पटलं. "म्हणजे साहेब जागेवर नसताना त्यांच्या आवाजात दुसऱ्याच कुणीतरी ओरडायचं."

"अगदी बरोबर. चालेल? चालेल."

गोळीचं नाव बॅक्लोफेन. सुरुवातीला अर्धी, दिवसातून तीनदा, मग दर आठवड्याला थोडी वाढवत न्यायची. झोप येईल, चक्कर येईल, पायांत जोर कमी वाटेल, असं सांगितलं. विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही सांगितलं. पण ते सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि तोवर आत्या चपला शोधत होती.

घरी बाबांनी गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. बाबा आत्याचा धाकटा भाऊ. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी सांगतो' नं सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथंच संपतं. आदल्या वर्षी कपाट सरकवताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती, तेव्हा त्यांनाही स्नायू सैल करायची गोळी मिळाली होती. पाच दिवस. त्या पाच दिवसांत ते वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपले, जेवताना ताटापुढं झोपले, आणि एकदा आईशी भांडताना मध्येच झोपले. आई म्हणते, ते भांडण तिनंच जिंकलं. तेव्हापासून या विषयात बाबा तज्ज्ञ.

"मी सांगतो, तीच ही गोळी. रंग वेगळा, बाकी तीच."

महिनाभरात रात्री शांत झाल्या. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. आत्या गाढ झोपायला लागली, घोरायला लागली, आणि आई म्हणाली, घोरणं परवडलं. डोस वाढत वाढत पूर्ण गोळ्यांवर आला.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला आत्या बाह्यांची गोलाई कापत होती आणि तिचे दोन्ही गुडघे एकदम वाकले. ती टेबलाच्या कडेनं घसरत खाली बसली. मशीनची मूठ हातातून सुटली, ते बंद पडलं, बोट कुणाचं गेलं नाही. पण पातं जाता जाता आत वळलं होतं. साठ बाह्या गेल्या.

सुपरवायझरला कारखान्यात सगळे बघाबघा म्हणतात. तो धावत आला. "बघा, लागलं का बघा. नाही ना? बघा, मी काय म्हणतो, तुम्ही बसून काहीतरी करून बघा. म्हणजे बघा, माझ्यावर येतं ना सगळं."

बसून करायचं काम एकच होतं. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबराचा कागद चिकटवायचा, म्हणजे एकाच थरातली पुढची बाजू, पाठ आणि बाह्या एकाच शर्टाला जातात. ते काम नव्या मुली करतात. आत्या त्यांच्यात जाऊन बसली. तिच्या टेबलावर दुसऱ्या पाळीचा कटर आला. दोन मुलांचा बाप, शांत माणूस, आत्याच्याच हाताखाली शिकलेला. आत्या नंबर चिकटवायची आणि कान तिकडं.

"थांबला बघ. परत थांबला. कुरतडतोय."

"मावशी, एवढ्या आवाजात तुम्हाला इथून कळतं?" एका मुलीनं विचारलं.

"मला घरून कळतं."

पंधरा दिवसांनी मालकीणबाईंनी बोलावून सांगितलं की मोठी ऑर्डर येते आहे. सोमवारी आत्यानं साठ थरांचा एक पूर्ण लॉट उभं राहून कापून दाखवावा. जमलं तर टेबल तिचं. नाही जमलं तर ते दुसऱ्या कटरला कायमचं, आणि आत्या नंबरावर. मालकीणबाई हे रागानं बोलल्या नाहीत. त्यामुळं आत्याला जास्त लागलं. नंबरावर बसून निवृत्त व्हायचं, हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं.

मग तिनं जे केलं ते तिच्या धंद्याला शोभेलसं होतं. तिनं माप घेतलं. सकाळी उठल्यावर, गोळी घ्यायच्या आधी, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहिली आणि समोर भिंतीवरच्या घड्याळात वेळ मोजला. चाळीस मिनिटं पाय टिकले. गोळी घेतली, तासाभरानं पुन्हा उभी राहिली. अकरा मिनिटांत गुडघे लटपटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आई तिच्याभोवतीनं वाट काढत स्वयंपाक करत होती.

गुरुवारी आत्यानं निकाल जाहीर केला. "पायांत जोर तसा नव्हताच. ते लाकूड होतं म्हणून मी उभी होते. गोळीनं लाकूड काढून घेतलं."

तिचं हे निदान शंभर टक्के बरोबर होतं. पुढचं चुकलं.

"मग गोळीच बंद," ती म्हणाली.

"मी सांगतो, खुशाल बंद कर. मी नाही केली पाच दिवसांत बंद? काय झालं मला?"

आई म्हणाली, "डॉक्टरांना एक फोन करा ना."

"ते विचारतील, बंद करायची का? आणि तेच म्हणतील, नाही करायची. माझा फोन फुकट."

"निदान हळूहळू तरी."

"हळूहळू कुरतडत बसायला मला येत नाही. शुक्रवारी शेवटची. एका दमात."

शनिवार झकास गेला. पाय खांबासारखे. आत्या ओट्यापाशी तासभर उभी राहिली, तिनं दोन भाज्या चिरल्या, बाबांनी मिनिटं मोजली आणि दर दहा मिनिटांनी आईकडं बघितलं. संध्याकाळी आत्याच्या अंगाला खाज सुटली. पावडर लावली. रविवारी सकाळी अंग तापलं. पाय इतके ताठले होते की आई आणि बाबा दोघांनी मिळून ते वाकवून तिला खुर्चीत बसवता येईना, आणि मध्येच ते असे उडायचे की खुर्ची हलायची. बाबा म्हणाले, ताप आहे, उतरेल.

दुपारी आत्या छताकडं बघत होती.

"कापड तिरकं पडलंय," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातून ओढ."

"कुठलं कापड, ताई?"

"निळं. ओढ ना गं, सगळा थर तिरका जाईल. त्यांना सांग, पाय काढा त्याच्यावरनं. इतकी माणसं कशाला उभी केली आहेत वर?"

बाबा आधी हसले. मग त्यांनी तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि फोन उचलला. अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगताना त्यांना आपण कितव्या मजल्यावर राहतो ते आठवेना. आईनं फोन काढून घेतला.

दवाखान्यात तेच डॉक्टर आले. "गोळी कधी बंद केली?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबले. आईनं सांगितलं.

गोळी पुन्हा सुरू झाली, सलाईन लागलं, तापावर औषध, आणि एक नर्स दर थोड्या वेळानं येऊन बघून जायची. आकडी येऊ शकते म्हणून. डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेलं आणि कॉरिडॉरमध्ये समजावलं. तीन महिने गोळी रोज तीन वेळा 'पुरे, पुरे' म्हणत होती. मज्जारज्जूला आणि मेंदूला त्याची सवय झाली होती, ते त्या उसन्या शांततेच्या भरवशावर चालत होते. ती एका रात्रीत काढून घेतली तर दाबून ठेवलेले सगळे निरोप एकदम उसळतात. पाय पहिल्यापेक्षा जास्त आखडतात, ताप येतो, भास होतात. माणूस दगावूही शकतो.

"पण माझी गोळी मी…" बाबा म्हणाले.

"तुमची गोळी कुठली होती?" डॉक्टरांनी नाव ऐकलं. "ही ती आहे का? नाही. दोन्ही गोळ्या मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात, स्नायूत नाही, इतकंच साम्य. तुमची मुख्यतः मेंदूला पेंग आणते. पेंग आली की दुखऱ्या कमरेची पकड जरा सुटते आणि तेवढ्यात कंबर आपली आपण बरी होते. म्हणून ती थोडे दिवसच देतात. यांच्या मानेतली वाट आपली आपण बरी होणार आहे का?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी बाबांच्या तोंडून 'मी सांगतो' आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, पण ते चहावाल्याला.

सोमवार वॉर्डात गेला. आईनं सुपरवायझरला फोन केला. "बघा, तब्येत बघा आधी," तो म्हणाला. "टेबलाचं काय, बघा, टेबल आता दुसऱ्या कटरकडं दिलं. ऑर्डर थांबत नाही, बघा." आत्यानं हे ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. छतावरचं कापड तोवर गेलं होतं.

चौथ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्या मुद्दे बोटांवर मोजत बोलतात, आणि मुद्दे संपले तरी बोटं संपेपर्यंत बोलतात. त्यांनी आत्याचा गुडघा वाकवून बघितला, घोटा झटकून बघितला आणि विचारलं, "एक, काम काय करता? दोन, कधीपासून कधीपर्यंत उभं राहायला लागतं? तीन, हे पाय तुम्हाला कशासाठी हवेत?"

तीन वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. आत्यानं सगळं सांगितलं. ओटा, घड्याळ, चाळीस मिनिटं, अकरा मिनिटं. बाईंनी ते आकडे लिहून घेतले आणि मग पेन ठेवलं.

"हे मोजमाप घेऊन शुक्रवारी आला असतात तर आज इथं नसतात."

"मला काय माहीत हे दाखवायचं असतं?"

"एक, तुमचे पाय अशक्त आहेत. दोन, ताठरपणाच गुडघ्याला टेकू देतोय. तो पूर्ण काढायचा नसतो. लागेल तेवढा ठेवायचा. तीन, गोळीचा जोर काही तासच टिकतो. म्हणजे ती कधी घ्यायची, हे आपल्या हातात आहे. चार…" चौथा मुद्दा नव्हता. "चार, झोप महत्त्वाची."

डॉक्टर आणि बाई दोघांनी मिळून ठरवलं. झोपतानाची गोळी तशीच. सकाळची दर आठवड्याला पाव कमी करत बंद. मग दुपारची निम्म्यावर आणायची, आणि तीही काम संपल्यावर घ्यायची. मधे पाय जास्त आखडले किंवा खाज आली तर तिथंच थांबायचं आणि फोन करायचा. शिवाय रोज मांड्यांचे व्यायाम, कारण टेकूवर किती दिवस काढणार.

आत्यानं खाक्याचा तपकिरी कागद मागवला आणि पट्टी घेऊन त्यावर सहा आठवड्यांचे चौकोन आखले. गोळीचे चार भाग करायला सुरी लागायची. चष्मा लावून, श्वास रोखून ती एवढासा तुकडा कापायची. "चोवीस वर्षांत इतकं हळू काही कापलं नाही," ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात सगळं छान वाटायला लागलं तेव्हा पुढचे दोन चौकोन एकदम ओलांडायचा मोह तिला झाला. हे तिनं स्वतः कबूल केलं. पाकीट आईच्या ताब्यात होतं. आईनं दिलं नाही.

सातव्या आठवड्यात ओट्यापाशी सव्वादोन तास. रात्री लाथ एखादीच.

आठव्या आठवड्यात ती कारखान्यात गेली आणि सरळ मालकीणबाईंपुढं उभी राहिली. बाईंनी सुपरवायझरला बोलावलं.

"मला टेबल हवंय. सकाळचं," आत्या म्हणाली.

"बघा, अर्धं टेबल कसं देणार?"

"टेबल अर्धं नाही. दिवस अर्धा. दुपारी मी नंबर चिकटवीन."

सुपरवायझर काही म्हणणार तेवढ्यात दाराशी उभा असलेला दुसरा कटर बोलला. तो फारसा कधी बोलत नाही. "कॉलर त्यांना द्या. माझे कोपरे खालच्या थरात सरकतात. गेल्या महिन्यात दोनदा परत आले." मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून तो म्हणाला, "बाकी मी करतो."

कॉलरचा साठ थरांचा लॉट तयारच होता. आत्यानं हातमोजा चढवला. मालकीणबाई खुर्ची घेऊन बसल्या, सुपरवायझर टेबलाच्या टोकाला घड्याळाकडं बघत. आत्या कडेनं पाय घासत सरकत गेली, एका टोकाकडून दुसऱ्याकडं. कोपऱ्याशी मशीन वळवताना तिनं कंबर टेबलाला टेकवली, हे पूर्वी ती करत नसे. नंबरावरच्या मुली हात थांबवून बघत होत्या. एक तास चाळीस मिनिटांनी तिनं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "खुर्ची." कुणीतरी दिली. तिला बसायला दोघांची मदत लागली, आणि ती तिनं घेतली.

सुपरवायझरनं सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची कॉलर एकमेकींवर ठेवली. उजेडाकडं धरली. उलटी करून धरली. कोपऱ्याला कोपरा बसत होता.

"ठीक आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळचं टेबल तुमचं."

सुपरवायझरचं समाधान झालं नव्हतं. "बघा, मान्य. पण दुपारी एखादी तातडीची ऑर्डर आली, तर काय करायचं, बघा?"

आत्या हातमोज्याचा पट्टा सोडवत होती.

"तिला सांगा, सकाळी ये."